ब्रेकबाईंचा फोटो

मोटार शिकवणाऱ्या त्या शाळेच्या दारावर इतकी वर्षे एकच चेहरा होता, तो मास्तरांचा. पाटीच्या कोपऱ्यात एका गोलात त्यांचे भरघोस मिशांचे छायाचित्र, त्याखाली नाव, आणि नावाखाली ठळक अक्षरांत आश्वासन: ‘आत्मविश्वासाने चालवा’. प्रत्यक्षात मास्तर अलीकडे गाडीत बसतच नसत. गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून त्यांचा सगळा कारभार खुर्चीतून चाले. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. त्या ब्रेकवर पाय ठेवून, घामाघूम झालेल्या माणसांना रहदारीतून सुखरूप फिरवून आणण्याचे काम एक बाई करत असत. शिकणारे त्यांना तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे ब्रेकबाई. हे दुसरे नाव बाईंच्या कानावर आले होते आणि त्यांना ते मनापासून आवडलेही होते.

तरीही नवा माणूस दारातून आत आला की त्याची नजर बाईंना ओलांडून मागच्या भिंतीपर्यंत जाई.

“मास्तर कधी भेटतील?”

“शिकायचंय ना? मीच शिकवते.”

“हो का? छान छान. पण मास्तर कधी येतील?”

हा संवाद बाईंना तोंडपाठ झाला होता. म्हणून मास्तरांनी एके दिवशी चाव्यांचा जुडगा टेबलावर ठेवून “शाळा तुमची. आता गुडघेही तुमचेच वापरा,” असे म्हटले, तेव्हा बाईंनी सगळ्यांत आधी पाटी रंगवणाऱ्याला बोलावले. त्याने विचारले, गोलात गाडीचे चित्र काढू की फोटो लावू? बाईंनी क्षणभरही विचार केला नाही. “माझा फोटो,” त्या म्हणाल्या. शनिवारपर्यंत द्यायचे ठरले.

स्टुडिओत काढून आणलेला फोटो त्यांनी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ठेवला. भिंगराव चष्मा पुसून त्यावर वाकले. भिंगराव म्हणजे बाईंचे यजमान, पंप बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी विभागाचे प्रमुख. खिशात सदैव भिंग असते म्हणून कामगारांनी ठेवलेले हे नाव आता इतके रुळले होते की कारखान्याच्या पहारेकऱ्याला त्यांचे दुसरे एखादे नाव असेल याची कल्पनाही नव्हती.

फोटोतला चेहरा संगणकावर घोटून घोटून गुळगुळीत केलेला होता. डोळ्यांखालची वर्तुळे गेली होती, कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या, आणि त्या भरात हनुवटीवरची लहानपणच्या पडण्याची खूणही गेली होती.

“ही कोण?” बाईंनी विचारले.

“तूच की. पाकिटावर नाव आहे.”

“नाव आहे म्हणून तर कळलं. हिच्याकडे बघून वाटतं का, हिनं आयुष्यात कधी गल्लीतून गाडी रिव्हर्स काढली असेल?”

“त्याला सांगायचं, असा नको म्हणून.”

“सांगितलं. म्हणतो, काकू, सगळ्यांना असाच हवा असतो.” बाईंनी फोटो पालथा घातला. “तुम्हीच काढा ना.”

“मी?”

“मग काय शेजाऱ्यांना सांगू? एके काळी जीव टाकायचात की त्या कॅमेऱ्यावर.”

त्या ‘एके काळी’ने भिंगरावांना कुठेतरी बारीक टोचले.

तंत्रशिक्षणाच्या कॉलेजात शिकत असताना त्यांनी वसतिगृहाच्या न्हाणीघराच्या खिडकीला काळे कापड ठोकून, लाल दिव्याच्या उजेडात, ताटातल्या रसायनात कागदावर हळूहळू उमटणारे चेहरे पाहिले होते. आंघोळीला खोळंबलेली मुले बाहेरून दार बडवत आणि आत भिंगरावांची तंद्री लागलेली असे. पुढे कारखान्यात नोकरी लागली. कॅमेरा चालवता येतो हे कळताच साहेबांनी कारखान्याचा कॅमेरा त्यांच्या हवाली केला, तेव्हा त्यांना आकाश ठेंगणे झाले होते. काम एकच: साच्यात लोखंड ओतून तयार झालेल्या भागांत जे सदोष निघतील त्यांच्या दोषांचे फोटो काढायचे. भेग, छिद्र, चिकटलेली वाळू, अर्धवट भरलेला कोपरा. फोटो इतका स्पष्ट हवा की ओतणाऱ्याला वाद घालता येऊ नये. भिंगरावांनी हे काम डोळ्यांत तेल घालून केले आणि त्यात नाव मिळवले. मात्र दिवसभर काचेतून नेमके वाईट तेवढे शोधल्यावर संध्याकाळी त्याच काचेतून झाडाकडे किंवा माणसाकडे पाहावेसे वाटेना. छंद सुटला असे कोणी म्हटले असते तर त्यांनी ते कबूल केले नसते. छंद सुटला नव्हता, तो कामावर रुजू झाला होता.

मुलीने परगावी नोकरी लागल्यावर वडिलांना नवा कॅमेरा भेट दिला होता. तो कपाटात खोक्यातच होता. आजवर त्याने एकदाच काम केले होते: न्हाणीघरातला गळका पाइप नेमका कुठे चिरला आहे हे नळ दुरुस्त करणाऱ्याला दाखवण्यासाठी.

“बरं,” भिंगराव म्हणाले. “रविवारी काढू.”

रविवारी सकाळी त्यांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. टेबल भिंतीपासून दूर सरकवले, खिडकीला चादर लावली, खुर्चीच्या पायांभोवती जमिनीवर खडूने खुणा केल्या. कॅमेरा तिकाटण्यावर चढवला. मुलीचा अभ्यासाचा, वाकत्या मानेचा दिवा आणून तो बाईंच्या एका बाजूला, बराच खाली, गालाच्या जवळ धरून बसवला. बाईंनी केस विंचरले होते, आवडता निळा शर्ट घातला होता, आणि लग्नाआधी मुलगा पाहायला येणार असताना बसल्या असतील तशा ताठ बसल्या होत्या.

“हलू नकोस.”

“श्वास घेऊ का?”

“सावकाश घे. हनुवटी थोडी वर. जरा खाली. हं.”

“आणि ही खांद्यापाशी काय टेकवलीत?”

भिंगरावांनी पाहिले. हाताने आपणहून खिशातली स्टीलची पट्टी काढून बाईंच्या खांद्याला टेकवून ठेवली होती. दोष केवढा आहे हे कळावे म्हणून कारखान्यात प्रत्येक फोटोत ती ठेवावी लागे.

“सवय,” ते ओशाळून म्हणाले आणि पट्टी काढून घेतली. बाई हसल्या. तोवर सगळे ठीक चालले होते.

फोटो झाल्यावर भिंगरावांनी ते संगणकाच्या पडद्यावर घेतले आणि आनंदाने त्यांचा चेहरा फुलला. असा काटेकोर फोटो त्यांनी अनेक वर्षांत काढला नव्हता. त्यांनी तो पडदाभर मोठा केला, मग आणखी मोठा केला.

“बघ! भुवईचा केस न् केस मोजून घे. आणि इथं बघ, डोळ्याच्या कोपऱ्यापासून तीन रेषा निघतात, त्यातली मधली पुढे जाऊन फुटते. किती स्वच्छ आलंय! या गालाला थोडी सूज दिसते, दात दुखतोय का तुझा?”

भिंगरावांनी मागे वळून पाहिले तेव्हा आपले काहीतरी चुकले हे त्यांच्या ध्यानात आले, पण तोवर फार उशीर झाला होता.

“हे माझं तोंड आहे,” बाई शांतपणे म्हणाल्या, “की तुमच्याकडचा नापास माल?”

“अगं, तसं नाही. उजेड बाजूनं दिला की—”

“त्या स्टुडिओवाल्यानं निदान माझ्यावर दया केली. तुम्ही तेवढीही केली नाहीत.”

त्या उठल्या, खिडकीवरची चादर ओढून काढली, तिची घडी घातली, आणि ओटा पुसायला लागल्या. ओटा स्वच्छच होता. बाई भांडल्या असत्या तर भिंगरावांना बरे वाटले असते. भांडणाला काही तरी उत्तर देता येते.

“पाटीवर गाडीचंच चित्र काढायला सांगते,” बाई ओट्याकडे पाहत म्हणाल्या. “गाडीला सुरकुत्या नसतात. नाही तरी इतकी वर्षं माझ्या तोंडावाचून शाळा चाललीच की.”

हे शेवटचे वाक्य भिंगरावांच्या जिव्हारी लागले. बाईंना त्या गोलात आपला चेहरा किती हवा आहे हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नव्हते. ‘मास्तर कधी येतील’ या प्रश्नाच्या नकला त्यांनी वर्षानुवर्षे जेवताना ऐकल्या होत्या. बाई त्या हसत हसत करत, पण करत मात्र नेमाने. आणि आता, तो प्रश्न कायमचा मिटायच्या वेळी, त्यांनी आपल्या हाताने बाईंना त्या पाटीवरून खाली उतरवले होते.

दुपारी मुलीचा फोन आला. आईने आधीच तिच्या कानावर घातले होते.

“बाबा, काय केलंत तुम्ही?”

“फोटो काढला. तांत्रिकदृष्ट्या—”

“तुम्ही आईची तपासणी केलीत, बाबा. दिवा कुठे ठेवला होता?”

“बाजूला. खाली.”

“गालाला लावून? बाबा! तुम्ही भेगा शोधताना ठेवता तसा?”

तंतोतंत तसाच. ओतीव लोखंडावरची केसाएवढी भेग समोरून उजेड टाकला तर दिसत नाही. दिवा जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून तिरपा धरावा लागतो, मग एकेका खाचेची सावली पडते. ही युक्ती त्यांनी कारखान्यात कितीकांना शिकवली होती. आज ती कुठे वापरली हे मात्र मुलीने विचारीपर्यंत त्यांच्या लक्षात आले नव्हते.

“आता काय करू?”

“मला काय विचारता? फोटो तुम्हाला काढता येतात. तुम्ही काढलेल्या माझ्या लहानपणच्या निम्म्या फोटोंत तर माझे डोळे मिटलेलेच आहेत,” ती म्हणाली. “आणि आज रात्रीची भांडी तुम्ही घासा.”

भांडी घासण्याला अवकाश होता. बाई वामकुक्षीसाठी आतल्या खोलीत गेल्या तसे भिंगरावांनी माळ्यावरून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांतले, त्यांनी स्वतः धुऊन काढलेले फोटो त्यात होते. त्यांनी ते टेबलावर एकेक करून मांडले आणि सवयीने भिंग बाहेर काढले. एका फोटोत बाई बस पकडायला धावत होत्या, एक चप्पल पायात आणि दुसरी हातात. फोटो हललेला होता. दुसऱ्यात त्या कोणाशी तरी तावातावाने बोलत होत्या, उजेड खिडकीकडून आला होता आणि अर्धा चेहरा काळोखात बुडाला होता. तिसऱ्यात त्यांनी लहानग्या मुलीला डोक्यावर उचलून धरले होते आणि मुलीचे डोकेच कापले गेले होते. कारखान्यात तपासणीला आले असते तर यांतला एकही फोटो पुढच्या टेबलापर्यंत गेला नसता. भिंगरावांनी भिंग मिटून ठेवले. साध्या डोळ्यांनी पाहिल्यावर मग त्यांना कळले की या साऱ्या फोटोंत बाई काही ना काही करत होत्या. एकाही फोटोत कोणी त्यांना हलू नकोस म्हणून सांगितलेले नव्हते.

आपण एवढे वाईट फोटो काढत होतो आणि त्या वेळी किती मजेत होतो, याचे त्यांना नवल वाटत होते.

संध्याकाळी चहा घेताना त्यांनी विषय काढला.

“उद्या सकाळी तुझ्या गाडीत मी मागे बसू का?”

“कशाला?”

“बघायला. तू शिकवतेस कशी, ते मी कधी पाहिलंच नाही.”

बाईंनी कपातून मान वर केली. हे खरे होते. त्यांनी भिंगरावांच्या कारखान्यातले पंप पाहिले होते, भट्टी पाहिली होती, नापास मालाचा ढीगही पाहिला होता. भिंगराव त्यांच्या गाडीत कधीच बसले नव्हते.

“कॅमेरा आणणार असाल.”

“आणेन. पण हो म्हणालीस तरच.”

“मागे तिसरं माणूस असलं की शिकणारे बिचकतात.”

“मी तोंडातून अक्षर काढणार नाही.”

“ते तुम्हाला जमेल?” बाईंच्या आवाजातला राग आता थोडा निवळला होता. “डॉक्टरीणबाईंची वेळ आहे उद्या. त्या आधीच अर्धमेल्या असतात. चालू गाडीत काही सूचना केलीत तर चौकात उतरवीन.”

भिंगरावांनी कारखान्यात फोन करून अर्ध्या दिवसाची रजा मागितली. पलीकडून काळजीचा आवाज आला, “भिंगराव, तब्येत ठीक आहे ना?”

डॉक्टरीणबाई दातांच्या डॉक्टर होत्या. त्यांच्या खुर्चीत बसलेली भलीभली माणसे खुर्चीचे हात घट्ट धरत, पण आज त्यांनी स्वतः स्टिअरिंग तसे धरले होते. मागच्या सीटवर कॅमेरा घेऊन बसलेल्या माणसाला पाहून त्या आणखीच पांढऱ्या पडल्या.

“मॅडम, हे कोण?”

“हे आमचे हे.”

“आणि फोटो कशासाठी?”

“माझे काढतायत. तुमचे नाही. तुम्ही रस्ता बघा. आणि डॉक्टर, ते चाक असं आवळू नका, ते कुठे पळून जाणार नाहीये.”

गाडी सुरू झाली, थबकली, पुन्हा सुरू झाली. भिंगराव मागे मधोमध बसले होते. समोर दोन आसनांच्या पाठी, त्यांच्या मधल्या फटीतून दिसणारा बाईंचा कान आणि गालाची कड, आणि शिकवणाऱ्यासाठी काचेवर बसवलेल्या जादा आरशात बाईंचे डोळे. एवढाच काय तो मालमसाला. पहिल्या लाल दिव्यापाशी गाडी थांबली तेव्हा त्यांनी जुन्या सवयीने फोटो घेतला. सगळे स्थिर होते. बाईंनाही गाडी थांबल्याबरोबर मागे कॅमेरा असल्याची आठवण झाली आणि त्यांचे ओठ स्टुडिओतल्यासारखे मिटले. दुसऱ्या दिव्यापाशीही तेच झाले. भिंगरावांनी मग दिव्यांपाशी कॅमेरा मांडीवर ठेवायला आणि गाडी चालू झाली की उचलायला सुरुवात केली.

ते सोपे नव्हते. झाडांच्या रांगेखालून जाताना उजेड दर क्षणाला येत होता आणि जात होता. खड्डा आला की कॅमेरा भलतीकडेच पाहू लागे. एकदा सीटची उशीच नेमकी मध्ये आली, एकदा डॉक्टरीणबाईंचा अंबाडा आला, एकदा त्यांना फक्त आकाश मिळाले. कॅमेऱ्यावरच्या चकत्या फिरवताना बोटे चुकत होती, आणि त्या चुकण्यात कितीतरी वर्षांपूर्वीचे काहीतरी ओळखीचे होते. न्हाणीघराच्या काळोखात असेच चाचपडायचे, तेव्हाही नेमके हवे ते हाताला लागत नसे. आपण हसतो आहोत हे त्यांना आरशात दिसले. बाईंनाही ते दिसले असावे.

“मॅडम, समोरून ट्रक येतोय!”

“येऊ द्या. त्याचाही रस्ता आहे.”

“तो सरळ आपल्या अंगावर येतोय!”

“डॉक्टर, तो त्याच्या बाजूनं येतोय. तुम्ही तुमच्या बाजूला आहात. एवढं जमलं की संसारसुद्धा चालतो. तिसरा गिअर टाका. तिसरा म्हणाले मी, पहिला नाही. हां.”

भिंगराव ऐकत होते. घरी त्यांनी हा आवाज कधी ऐकला नव्हता. घरचा आवाज घाईचा असे, सतत दुसऱ्या कामाकडे निघालेला. या आवाजाला कुठेच जायचे नव्हते. बाईंचे हात मांडीवर सैल पडलेले होते. त्यांच्या पायाच्या चवड्याखाली तो दुसरा ब्रेक होता, आणि गाडीतली सगळी भीती जणू त्या चवड्यापाशी येऊन शांत होत होती.

मग रेल्वेच्या रुळांवरून जाणारा पूल आला. त्याच्या चढावर मधोमध पुढची गाडी थांबली म्हणून यांनाही थांबावे लागले. पुढची गाडी निघून गेली. डॉक्टरीणबाईंनी ब्रेक सोडला, क्लच सोडला, आणि इंजीन बंद पडले. गाडी हातभर मागे सरकली. बाईंनी तेवढ्यापुरता आपला ब्रेक दाबला.

“नाही जमायचं मला. तुम्हीच काढा पुढे.”

“मी कशी काढू? चाक तुमच्या हातात आहे.”

“मॅडम, खरंच नाही. माझे पाय कापतायत बघा.”

बाईंनी आरशात मागे पाहिले. मागे रस्ता मोकळा होता. “हातब्रेक ओढा. आधी श्वास घ्या. पेशंटला सांगता तसा. आता इंजीन चालू करा. क्लच अर्धा सोडा, गाडी थरथरेल, घाबरू नका, ती तयार झाली म्हणून सांगते. आणि डॉक्टर, एक सांगते. मी माझा पाय ब्रेकवरून काढून घेतलाय.”

“काय?”

“खाली बघू नका. काढलाय. आता गाडी तुमची.”

भिंगरावांना फटीतून दिसत होते. बाईंनी खरेच पाय मागे घेतला होता, अगदी बोटभर. गरज पडली तर क्षणात पुन्हा ठेवता येईल इतकाच, पण घेतला होता. ज्या ब्रेकमुळे सारा गाव त्यांना ओळखत होता तो न दाबण्यासाठी त्यांना केवढा जोर लागत होता, हे त्यांच्या चेहऱ्यावर उघड दिसत होते. भुवया वर चढल्या होत्या, मान पुढे झाल्यामुळे आरशात हनुवटीपर्यंतचा चेहरा आला होता, आणि जणू गाडी इंजिनाच्या नव्हे तर आपल्या श्वासाच्या बळावर चढवायची आहे अशा तऱ्हेने त्यांनी श्वास रोखून धरला होता. आपण या बाईच्या शेजारी इतकी वर्षे राहिलो आणि हा चेहरा रोज सकाळी परक्या माणसांना दिसत होता, असे त्यांच्या मनात आले. त्यांनी बटण दाबले. कॅमेरा सरळ आहे की तिरका, याचा विचारही त्यांच्या मनाला शिवला नाही.

हातब्रेक सुटला. गाडी थरथरली, खोकली, आणि चढू लागली.

“चढतेय! मॅडम, चढतेय!”

“मग? मी काय म्हणत होते!” बाईंनी डॅशबोर्डवर एक थाप मारली आणि डॉक्टरीणबाईंकडे वळून, तोंड उघडून, डोळे बारीक करून, खदखदून हसल्या. भिंगरावांनी तेही घेतले. पुलाच्या माथ्यावर आल्यावर समोर एकदम मोकळे आकाश पसरले, तेव्हा गाडीतली तिघेही हसत होती, आणि अक्षर न काढण्याचे वचन दिलेले भिंगराव मोठ्याने “वा!” म्हणून बसले.

“चौकात उतरवू का?” बाईंनी आरशातून विचारले. पण त्यांचे डोळे अजून हसत होते.

संध्याकाळी भिंगरावांनी संगणक उघडला नाही. कॅमेराच बाईंच्या हातात दिला, कोणते बटण दाबले की पुढचा फोटो येतो तेवढे दाखवले, आणि ते समोरच्या खुर्चीत जाऊन बसले. काही बोलायचे नाही असे त्यांनी ठरवले होते आणि ते त्यांना कसेबसे साधत होते. बाई फोटो पुढे सरकवत गेल्या. उशी, आकाश, अंबाडा.

“डॉक्टरीणबाईंच्या मानेचे एवढे फोटो कशाला? त्यांच्या घरी पाठवायचेत का?”

भिंगराव नुसते हसले.

मग बाईंचे बोट थांबले. एक फोटो त्या बराच वेळ पाहत राहिल्या. चढावरचा, श्वास रोखलेला तो चेहरा असेल, अशी भिंगरावांची खात्री होती. सगळ्या दिवसाचे सार त्यांना त्यातच दिसत होते. आरशातल्या डोळ्यांवर उजेड नेमका पडला होता, हनुवटीवरची खूण होती, तीन रेषा होत्या, त्यातली मधली फुटलेलीही होती, आणि तिथे कोणाला ती मोजावीशी वाटली नसती.

“हा,” बाई म्हणाल्या आणि कॅमेरा त्यांच्यापुढे धरला.

तो नव्हता. हा पुढचा होता, खदखदून हसण्याचा. बाईंचा हात थाप मारताना पंख्यासारखा पसरून गेला होता, आसनाच्या पाठीने खांदा खाल्ला होता, आणि चेहराही काठांवर किंचित विरघळला होता.

ठरवलेले मौन तिथे मोडले. “अगं, हा हललाय. आधीचा बघ, तो कितीतरी—”

“हलायलाच हवा. गाडी चालू होती.”

भिंगराव काही क्षण त्या हललेल्या हाताकडे पाहत राहिले. मग त्यांनी मान डोलावली. “आधीचा माझ्याकडे ठेवू?”

“ठेवा. तो तुमच्यासाठीच आहे. लोकांना कशाला दाखवायचा?” बाई पुन्हा मागे गेल्या, तो आधीचा फोटो काढून त्यांनी एकदा नीट पाहिला, आणि कॅमेरा हळूच टेबलावर ठेवला. “इतकं टेन्शन येतं होय मला? माहीतच नव्हतं.”

“मलाही नव्हतं.”

शनिवारी पाटी रंगवणारा फोटो हातात घेऊन दारात बराच वेळ उभा राहिला. त्याने तो लांब धरला, जवळ धरला.

“मॅडम, तोंड उघडं आहे.”

“हो. मी शिकवते. तोंड मिटून शिकवता येत नाही.”

“आणि हात पुसल्यासारखा झालाय. मोठा केला की जास्त दिसेल. एखादा सरळ बसलेला नाही का?”

“आहेत की दोन. एकात मी नाहीये आणि दुसऱ्यात जरा जास्तच आहे.” बाईंनी शिडी त्याच्याकडे सरकवली. “दादा, तुम्ही नावाची अक्षरं तेवढी सरळ काढा. फोटोचं आमचं आम्ही बघून घेतलंय.”

पाटी संध्याकाळपर्यंत चढली. गोल जुनाच राहिला, मिशा गेल्या. जुने मास्तर काठी टेकत मुद्दाम पाहायला आले. पाटीखाली उभे राहून त्यांनी वर पाहिले आणि म्हणाले, “छान आहे. माझा फोटो बघून निदान लोक घाबरायचे तरी.” त्याच आठवड्यात एक तरुण जोडपे चौकशीला आले. बाई टेबलाशी काही लिहीत होत्या. त्या तरुणाने वर पाटीकडे पाहिले, आत बाईंकडे पाहिले, आणि विचारले, “मॅडम, तुमच्याकडे सकाळची वेळ मिळेल का?” बाईंनी वेळ सांगितली. ती दोघे गेल्यावर त्यांनी भिंगरावांना फोन लावला आणि एरवी बारीकसारीक गोष्टीही रंगवून सांगणाऱ्या बाईंनी हे मात्र दोनच वाक्यांत सांगितले.

भिंगरावांचे म्हणाल तर ते त्यानंतरच्या रविवारी सकाळी ‘येतो जरा’ म्हणून घराबाहेर पडले ते दुपार कलल्यावर परतले. बुटांवर धूळ, मान उन्हाने तांबडी, आणि चेहऱ्यावर शाळेला दांडी मारून आलेल्या मुलासारखा अपराधी आनंद. जेवण झाकून ठेवलेले होते.

“कुठे होतात?”

“आगारात. बस धुतात तिथे. पाण्याचा फवारा उन्हात असा काही उडतो… नंतर लाँड्रीच्या मागच्या अंगणात गेलो. चादरी वाळत होत्या.”

“कोणी सांगितलं होतं?”

“कोणी नाही.”

“मग कशासाठी?”

भिंगरावांनी या प्रश्नावर प्रामाणिकपणे विचार केला. “कशासाठीच नाही,” ते म्हणाले.

बाईंनी हात पुढे केला. भिंगरावांनी कॅमेरा दिला. बाईंनी एकेक फोटो पाहिला, दोनदा नाक मुरडले, एकदा “हा बरा आहे” म्हणाल्या, आणि वाळत घातलेल्या चादरींमागे फक्त पावले दिसणाऱ्या एका बाईच्या फोटोपाशी बराच वेळ थांबल्या. मग त्यांनी ताट पुढे सरकवले. भिंगराव जेवू लागले. जेवता जेवता त्यांनी सहजच विचारल्याच्या आवाजात विचारले, “उद्या सकाळी तुझ्याकडे कोण आहे?”

“बँकेतले एक साहेब. गिअर टाकताना डोळे मिटतात.”

“मागे जागा आहे?”

“रजा घेतलीत पुन्हा?”

“घेईन.”

बाईंनी त्यांच्या ताटात आणखी थोडे वाढले. “बसा,” त्या म्हणाल्या. “पण बेल्ट लावून बसा. साहेबांचा काही भरवसा नाही.”